साठ सेन्सर आणि एक टॅब

उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला जातो आणि भाव बघत बघत दसरा-दिवाळीपर्यंत थोडा थोडा बाहेर येतो. मधल्या काळात आत काय चाललंय हे शेतकऱ्याला वासावरून कळतं, आणि वास येईपर्यंत सड बरीच पसरलेली असते. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता ही साठवलेल्या कांद्याला मानवणारी हवा. पावसाळ्यात आर्द्रता तिथे कुठली थांबायला? ढिगाच्या एखाद्या कोपऱ्यात दमटपणा साचतो, काजळी धरते, कोंब फुटतात, आणि बाकीची चाळ वरून ठणठणीत दिसत राहते. म्हणून चाळीत एकच तापमापक टांगून भागत नाही. कप्प्याकप्प्यात, खाली, मध्ये आणि वर मोजायला हवं. मोठ्या चाळीत हा हिशेब सहज पन्नास-साठ सेन्सरांवर जातो.

असे सेन्सर आता सहज मिळतात. बटण सेलवर चालणारे, ब्लूटूथ लो एनर्जी वापरणारे, मुठीत मावणारे. घरात मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला एखादा टॅबही असतो. मग पहिला प्रश्न ठरलेला: या एका टॅबला किती सेन्सर जोडता येतील? विकणारा एक आकडा सांगतो, घेणारा दोन विक्रेत्यांच्या आकड्यांची तुलना करतो आणि ॲप लिहिणारा तो आकडा गाठण्यासाठी रात्री जागवतो. माझं म्हणणं असं की हा प्रश्नच वाट चुकवतो. मुळात किती सेन्सर सतत जोडून ठेवायची गरज आहे, हे आधी ठरवायला हवं. कांद्याच्या चाळीत, द्राक्षांच्या शीतगृहात, कोंबड्यांच्या शेडमध्ये किंवा पॉलिहाउसमध्ये या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा शून्य येतं.

ब्लूटूथ जन्माला आलं तेच दोन उपकरणांमधली वायर काढून टाकण्यासाठी. स्वीडनमधल्या लुंड शहरात, एरिक्सन कंपनीत, याप हार्टसेन हे डच अभियंते १९९४ मध्ये या कामाला लागले तेव्हा डोळ्यासमोर मोबाइल फोन आणि त्याच्या सोबतची उपकरणं होती. त्या जुन्या ब्लूटूथमध्ये एका मुख्य उपकरणाभोवती एका वेळी सातच सक्रिय उपकरणं राहू शकत, कारण त्यांना द्यायचा पत्ता तीन बिटांचा होता: एकूण आठ पत्ते, त्यातला एक सगळ्यांना मिळून पाठवायच्या संदेशासाठी राखीव. लो एनर्जीची वंशावळ वेगळी. नोकियानं २००६ मध्ये वायब्री या नावानं ते तंत्र जाहीर केलं आणि २०१० मध्ये ब्लूटूथ ४.० मध्ये ते सामावून घेतलं गेलं. इथे प्रत्येक जोडणीला ३२ बिटांची ओळख मिळते, म्हणजे सातची अट कागदावर उरत नाही. तरीही अनेक अँड्रॉइड टॅब वर्षानुवर्षं सातवरच अडत आले आहेत. ती मर्यादा प्रणालीत एक आकडा म्हणून लिहिलेली असते. दुसरीकडे नॉर्डिक कंपनीची एखादी छोटीशी चिप, तिच्यासोबत मिळणारं सॉफ्टवेअर वापरलं, तर एका वेळी वीस जोडण्या सांभाळते. म्हणजे हे आकडे निसर्गनियम नाहीत. कुणीतरी मेमरी आणि वेळ यांची वाटणी करताना घेतलेले ते निर्णय आहेत, आणि टॅब बनवणाऱ्यानं ते घेतले तेव्हा त्याच्या मनात एक हेडफोन, एक घड्याळ, फार तर एक कीबोर्ड होता.

पण समजा टॅबनं साठ जोडण्या घ्यायच्या ठरवल्या. जोडणी टिकवायची म्हणजे नेमकं काय करावं लागतं? दोन्ही उपकरणांनी ठरलेल्या वेळी, ३७ पैकी ठरलेल्या चॅनेलवर, एकमेकांना भेटायचं. दोन भेटींमधलं अंतर ७.५ मिलिसेकंदांपासून ४ सेकंदांपर्यंत कितीही ठेवता येतं, पण एकदा ठरलं की पाळावं लागतं. हे पाटाच्या पाण्याच्या पाळीसारखं आहे. ज्याची पाळी आली त्याचं दार उघडायचं, त्या दिवशी त्याला पाणी हवं असो वा नसो, आणि खातेदार वाढत गेले की शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोचेनासं होतं. टॅबकडे रेडिओ एकच. तोही बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायबरोबर एकच अँटेना वाटून घेणारा. दोन सेन्सरांच्या पाळ्या एकमेकींवर आल्या की एकीला मागे राहावं लागतं. अशा लागोपाठ काही पाळ्या चुकल्या की जोडणी तुटली असं धरलं जातं. मग ॲप ती पुन्हा जोडायला धावतं, त्या धावपळीत इतरांच्या पाळ्या खाल्ल्या जातात आणि आणखी दोन सेन्सर सुटतात. अँड्रॉइडवर या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला १३३ हा त्रुटीचा क्रमांक तोंडपाठ असतो. नेमकं काय बिघडलं हे तो क्रमांक सांगत नाही, फक्त जमलं नाही एवढंच सांगतो.

आता सेन्सरच्या बाजूनं पाहू. सीआर २०३२ या नेहमीच्या बटण सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. सरासरी १० मायक्रोअँपिअरवर सेन्सर चालवता आला तर तो अडीच वर्षं चालेल. एवढा काटकसरी व्यवहार फक्त झोपेतच जमतो. जोडणीत असलेल्या सेन्सरला काही पाळ्या चुकवायची मुभा असते, लागोपाठ ४९९ पर्यंत. पण मुभा वापरत वापरत जवळजवळ न भेटणंच साधायचं असेल, तर जोडणीचा आग्रह कशासाठी?

लो एनर्जीमध्ये न जोडता बोलायची सोय पहिल्यापासून आहे. सेन्सर जागा होतो, तीन राखीव चॅनेलवर एकापाठोपाठ एक छोटासा संदेश प्रसारित करतो आणि झोपतो. हे तीन चॅनेल २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्‌झवर मुद्दाम लांब लांब ठेवले आहेत, वायफायच्या नेहमीच्या १, ६ आणि ११ या चॅनेलांच्या गर्दीतून शक्य तितके वाट काढत. संदेशात ३१ बाइट माहिती मावते. तापमानाला दोन, आर्द्रतेला दोन, सेलच्या स्थितीला एक, सेन्सरच्या क्रमांकाला दोन आणि संदेशाच्या अनुक्रमाला दोन बाइट दिले तरी निम्म्याहून अधिक जागा रिकामी राहते. टॅबनं कुणालाही जोडायचं नाही, फक्त ऐकायचं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की साठ जण न ठरवता बोलले तर एकमेकांच्या बोलण्यावर आदळतील. आक्षेप रास्त आहे आणि जुनाही आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी १९७० च्या सुमारास अलोहा नावाचं रेडिओ जाळं उभारलं, तेव्हा हाच प्रश्न त्यांनी गणितानं सोडवला. कुणीही केव्हाही बोलायची मोकळीक दिली तर वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपास उपयोग होतो, त्यापुढे गोंधळ वाढतो. आपल्या चाळीला हा हिशेब लावून बघावा. ३१ बाइट माहितीचा पूर्ण संदेश हवेत ३७६ मायक्रोसेकंद असतो. साठ सेन्सर दर १० सेकंदांनी एकदा बोलले तर एका चॅनेलवर सेकंदाला सहा संदेश, म्हणजे सव्वादोन मिलिसेकंदांचा वापर. वाहिनी ९९.७ टक्क्यांहून जास्त वेळ मोकळी. एखादा संदेश दुसऱ्याशी आदळायची शक्यता अर्ध्या टक्क्याच्याही आत. शिवाय प्रत्येक प्रसारणात शून्य ते १० मिलिसेकंदांचा यादृच्छिक उशीर मिसळायची तरतूद आहे, त्यामुळे एकदा आदळलेले दोन सेन्सर कायमचे आदळत राहत नाहीत. हेच जर एक हजार सेन्सर दर सेकंदाला बोलू लागले तर निम्म्याहून अधिक संदेश वाया जातील. म्हणजे मर्यादा आहेच, पण ती सातच्या किंवा विसाच्या जवळपासही नाही. आणि ती सेन्सरांच्या संख्येइतकीच त्यांच्या बडबडीवर अवलंबून आहे.

कांद्याच्या ढिगातलं तापमान दहा सेकंदांत बदलत नाही. दहा मिनिटांतून एकदा खात्रीचा आकडा मिळाला तरी तो शेतकऱ्याच्या कामाच्या मानानं फार आधी मिळालेला असतो. या एका गोष्टीवर मला सगळ्यात जास्त भर द्यायचा आहे. ज्याचं मोजमाप करायचं ती वस्तू किती वेगानं बदलते, यावरून संपर्काची रीत ठरली पाहिजे. आपण उलट करतो. यंत्र किती वेगानं बोलू शकतं ते बघतो आणि तेवढ्या वेगानं त्याला बोलायला लावतो.

ऐकणंही फुकट नाही, हे मान्य केलं पाहिजे. टॅबची बॅटरी वाचवण्यासाठी कमी ऊर्जेच्या पद्धतीनं ऐकायचं ठरवलं तर तो एकूण वेळेच्या साधारण दहाव्या हिश्शातच कान उघडे ठेवतो. मग दहातले नऊ संदेश हुकतात. पण दहा मिनिटांत साठ संदेश येतात, आणि ते सगळेच्या सगळे हुकायची शक्यता ०.९ चा साठावा घात, म्हणजे हजारात दोन. पुनरावृत्तीनं मिळणारी ही खात्री स्वस्त आहे. खरी अडचण प्रणालीच्या नियमांची आहे. अँड्रॉइड ८.१ पासून स्क्रीन बंद झाली की गाळणी न लावलेलं स्कॅनिंग, म्हणजे कुणाचं ऐकायचं हे न ठरवता केलेलं ऐकणं, थांबवलं जातं. त्याच्या आधीच, आवृत्ती ७ पासून, ३० सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा स्कॅनिंग सुरू केलं तर निकाल देणं बंद होतं, तेही कसलीच सूचना न देता. आयपॅड सेन्सरचा खरा पत्ता ॲपला दाखवतच नाही, म्हणून सेन्सरचा स्वतःचा क्रमांक संदेशातच लिहावा लागतो. हे सगळे नियम वापरणाऱ्याच्या खासगीपणासाठी आणि बॅटरीसाठी आले आणि त्या कारणांसाठी ते बरोबरच आहेत. फक्त साठ सेन्सरांवर नजर ठेवणारा टॅब नियम करणाऱ्यांच्या कल्पनेत नव्हता.

प्रसारणाचा मोठा दोष वेगळाच आहे. जोडणी तुटली की टॅबला ते कळतं. वाट पाहण्याची मुदत फार तर ३२ सेकंदांची असते. प्रसारणात सेन्सर गप्प झाला तर काहीच कळत नाही. सेल संपला असेल, उंदरानं वायर कुरतडली असेल, ओलाव्यानं चिप गेली असेल, किंवा टॅबच ऐकत नसेल. स्क्रीनवर मात्र शेवटचा आलेला आकडा तसाच दिसत राहतो: २८.४ अंश, शेजारी हिरवा ठिपका. मला या हिरव्या ठिपक्याची भीती वाटते. काही न दाखवणारं यंत्र माणसाला चाळीत जाऊन बघायला लावतं. जुना आकडा ताजा म्हणून दाखवणारं यंत्र त्याला घरी बसवतं. सेन्सर लावण्याआधी तो निदान रोज एक चक्कर मारून वास घेत होता.

म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं वय लिहिलंच पाहिजे, आणि ठरावीक वय उलटलं की आकडा पुसून टाकला पाहिजे. राखाडी करून ठेवायचा नाही, पुसायचा. ठीक, धोक्याचं आणि माहीत नाही या तीन वेगळ्या अवस्था आहेत. तिसरी अवस्था पहिलीत ढकलण्याचा मोह बनवणाऱ्यांना फार होतो, कारण सात-आठ चौकटी रिकाम्या दिसल्या तर माल खराब वाटतो. संदेशाला अनुक्रम द्यायचं कारणही हेच. शेवटचा ऐकलेला क्रमांक ४१२० आणि आता आलेला ४१९० असेल, तर मधले ६९ ऐकले गेले नाहीत एवढं तरी ॲपला प्रामाणिकपणे सांगता येतं.

चाळीत सेन्सर गप्प बसायला आणखी एक कारण आहे. कांद्याचा बहुतांश भाग पाणी असतो आणि २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींना पाणी गिळतं. जिथे उष्णता आणि दमटपणा साचतो तो ढिगाचा गाभा. रेडिओसाठी सगळ्यात वाईट जागाही तीच. अख्खा सेन्सर कांद्यात पुरून वर जोरदार प्रक्षेपणाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. मोजणारं टोक वायरीनं आत सोडावं आणि रेडिओची डबी चाळीच्या बाहेरच्या बाजूला, मोकळ्या हवेत टांगावी. पन्नास रुपयांच्या वायरीनं सुटणारा प्रश्न सॉफ्टवेअरनं सोडवायचा हट्ट कुणी धरू नये.

वेगानं बदलणाऱ्या वस्तूंची गोष्ट वेगळी. कबड्डीचा प्रशिक्षक सरावात मॅटवरच्या सात खेळाडूंच्या छातीला हृदयगतीचे पट्टे बांधून हातातल्या टॅबवर बघत असेल, तर त्याला सेकंदा-सेकंदाचा आकडा हवा. ब्लूटूथच्या हृदयगती सेवेत जोडणी करूनच तो मिळवायची रीत आहे. सात जणांपर्यंत ती चालते. राखीव खेळाडूंनाही पट्टे बांधले की अडायला लागते. कॅनडातल्या डायनास्ट्रीम कंपनीच्या अँट प्लस या तंत्रात पट्टा सरळ प्रसारणच करतो, ऐकणारे कितीही असोत. हृदयगतीसाठी ती जास्त शहाणी रचना होती असं मला वाटतं, पण टॅबमध्ये तो रेडिओ क्वचितच मिळतो. याहून पुढचं टोक म्हणजे हालचाल मोजणारे सेन्सर, सेकंदाला शेकडो नोंदी पाठवणारे. दोन्ही पायांना बांधलेल्या सेन्सरांच्या नोंदी एकाच क्षणाच्या आहेत का, हा तिथला जीवघेणा प्रश्न. साध्या स्फटिकाचं घड्याळ दहा लाखांत वीस भागांनी चुकलं तरी तासाला ७२ मिलिसेकंदांचा फरक पडतो, आणि धावताना पाऊल टेकण्याचा अभ्यास तेवढ्यानं निकामी होतो. अशा ठिकाणी थोड्याच सेन्सरांशी घट्ट, वेळ जुळवणारी जोडणी हवीच. जोडणीला माझा विरोध नाही. ती मोजक्यांसाठी राखून ठेवावी, एवढाच आग्रह आहे.

चाळीतही जोडणीला एक चांगलं काम देता येतं. टॅब रात्री घरी जातो, चार्जिंगला लागतो, मुलं त्यावर खेळतात, कधी तालुक्याला जातो. त्या वेळात ऐकणारं कुणीच नसतं. म्हणून सेन्सरनं आपल्या नोंदी स्वतःजवळ ठेवायला हव्यात. दर दहा मिनिटांनी चार बाइटची एक नोंद धरली तर दिवसाला ५७६ बाइट होतात, पाच महिन्यांत सुमारे ८६ हजार. एवढी जागा आजच्या साध्या चिपमध्येही असते. शेतकरी रोजच्या फेरीत टॅब घेऊन आला की ॲपनं एकेका सेन्सरला जोडावं, कालपासूनच्या नोंदी घ्याव्यात, घड्याळ लावून द्यावं आणि सोडून द्यावं. जुन्या पद्धतीनं एका वेळी २० बाइट घेतले तरी दिवसाचा माल २९ पाकिटांत येतो, म्हणजे जोडायचा वेळ सोडला तर सेकंदभराचं काम. साठही सेन्सर फेरी संपायच्या आत आटपतात. एका वेळी एकच जोडणी, त्यामुळे टॅबची मर्यादा सात आहे की वीस याला महत्त्वच उरत नाही.

प्रसारण सगळ्यांना ऐकू जातं, हा आक्षेप मी हलका मानत नाही. कुणाच्या चाळीत किती कप्पे बिघडायला लागलेत ही व्यापाऱ्याच्या दृष्टीनं पैशांची माहिती आहे. माल सडायला लागलाय हे समोरच्याला आधीच कळलं तर शेतकऱ्याची थांबायची ताकद संपते. खेळाडूच्या हृदयगतीबद्दलही तेच. म्हणून संदेशातले आकडे सांकेतिक करूनच पाठवले पाहिजेत, आणि जुना संदेश कुणी पुन्हा वाजवून फसवू नये यासाठी अनुक्रमाची तपासणी हवी. २०२३ च्या ब्लूटूथ ५.४ मध्ये प्रसारित माहिती कूटबद्ध करायची प्रमाणित रीत आली आहे. त्याच आवृत्तीत नेमून दिलेल्या वेळी प्रसारण आणि त्याला नेमक्या वेळी उत्तर, अशी पद्धतही आली. सुपरमार्केटच्या मांडणीवरच्या इलेक्ट्रॉनिक किंमतपट्ट्या डोळ्यासमोर ठेवून ती बनवली गेली. एका केंद्राखाली हजारो पट्ट्या. उद्योगानंही अखेर मान्य केलं की अनेकांना एकाशी बोलायचं तर प्रत्येकाशी वेगळा संसार थाटून चालत नाही. घरातल्या टॅबमध्ये ही सोय येईपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. चाळीसाठी वर सुचवलेलं सगळं ब्लूटूथ ४.० वर चालतं.

काही जण म्हणतील, टॅब हवाच कशाला, चाळीवर कायम ऐकणारी एक छोटी पेटी लावा. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे, आणि वीज व नेटवर्क असेल तिथे मीही तेच सुचवीन. पण ती पेटी विकत घ्यावी लागते, तिला अखंड वीज लागते, ती बिघडली तर बघायला कुणी नसतं. टॅब आधीच घरात आहे आणि तो माणसाबरोबर चाळीत येतो. त्याच्या मर्यादा ओळखून उभारलेली व्यवस्था गरिबाला परवडते. त्याला सर्व्हर समजून उभारलेली व्यवस्था पहिल्या पावसाळ्यातच गळते.

असे सेन्सर विकत घ्यायला निघालेल्या शेतकरी उत्पादक कंपनीनं किंवा एकट्या शेतकऱ्यानं विक्रेत्याला किती कनेक्ट होतात हे विचारायच्या भानगडीत पडू नये. प्रात्यक्षिकाच्या वेळी त्याच्यासमोर एका सेन्सरचा सेल काढावा, हातातल्या घड्याळात वेळ बघावी आणि किती मिनिटांनी स्क्रीनवरचा तो आकडा जातो ते पाहावं. मग टॅब अर्धा तास दुसऱ्या खोलीत ठेवावा, परत आणावा आणि त्या अर्ध्या तासाच्या नोंदी दाखवायला सांगावं.